डिसेंबरचं कार्ड: सणाचं नाव घालावं की न घालावं?

प्रश्न : ताई, आम्ही टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहतो. माझं स्वतःचं डेंटल क्लिनिक आहे. डिसेंबरात सगळ्या पेशंटना कार्ड पाठवायची पद्धत आधीच्या डॉक्टरांपासून चालत आली आहे. मी क्लिनिक विकत घेतलं तेव्हा त्यांची ‘मेरी ख्रिसमस’ छापलेली कार्डं शिल्लक होती, तीच आजवर वापरली. यंदा ती संपली आणि नवीन छापायची वेळ आली तेव्हा वाद सुरू झाला. नवरा म्हणतो, आपण हिंदू, आपण कशाला ‘मेरी ख्रिसमस’ म्हणायचं? माझी रिसेप्शनिस्ट म्हणते, ‘हॅपी हॉलिडेज’ लिहिलंत तर लोकांना वाटेल तुम्हाला ख्रिसमसचं नाव नको आहे. शिवाय टेक्सासमध्ये तसा कायदाच आहे. माझी हायजिनिस्ट (पेशंटचे दात साफ करणारी सहकारी) ज्यू आहे. ती काही बोलत नाही, पण कार्डांच्या गठ्ठ्यावर सह्या करताना तिचा उतरलेला चेहरा मला दर वर्षी दिसतो. मी काय छापू? आणि फोनवर, काउंटरवर काय म्हणायचं?

उत्तर : छापताना ‘सीझन्स ग्रीटिंग्ज’ किंवा ‘हॅपी हॉलिडेज’ छापा. ज्या पेशंटच्या घरी नाताळ असतो हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, त्याच्या कार्डावर पेनाने ‘मेरी ख्रिसमस’ लिहून खाली सही करा. माझं मत एवढंच आहे. पण तुमच्या पत्रातल्या तिघांच्याही म्हणण्यात काहीतरी खरं आहे आणि तिघांनाही नीट उत्तर द्यायला हवं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

न्यू जर्सीतल्या एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या काउंटरवर मी बरीच वर्षं नोकरी केली. डिसेंबरात त्या काउंटरवर दिवसभरात सगळ्या जगातली माणसं येऊन जायची. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी नाही.

आधी रिसेप्शनिस्टबाईंचा कायदा. तो आहे, पण त्यांना वाटतो तसा नाही. टेक्सासने 2013 साली तो केला तो सरकारी शाळांपुरता. शाळेतल्या मुलांना आणि शिक्षकांना सणाच्या पारंपरिक शुभेच्छा देण्याची मुभा आहे, असं त्यात सांगितलं आहे. त्यात उदाहरणं म्हणून तीन शुभेच्छा दिल्या आहेत: ‘मेरी ख्रिसमस’, ‘हॅपी हानुका’ (हानुका हा ज्यूंचा दिव्यांचा सण) आणि तिसरी चक्क ‘हॅपी हॉलिडेज’. लोक त्याला ‘मेरी ख्रिसमस कायदा’ म्हणतात आणि तिसरी शुभेच्छा विसरतात. खासगी क्लिनिकने काय छापावं याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

असाच दुसरा गोंधळ कोर्टाच्या निकालांबद्दल असतो. 1989 साली पिट्सबर्गच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की काउंटी कोर्टाच्या मुख्य जिन्यावर येशूजन्माचा देखावा एकटाच मांडणं घटनेला धरून नाही. पण दुसऱ्या सरकारी इमारतीबाहेर ख्रिसमस ट्रीशेजारी उभा केलेला ज्यूंचा मेनोरा, म्हणजे त्यांचा अनेक फांद्यांचा दीपस्तंभ, चालेल. तो निकाल सरकारला बांधतो. आमच्या ग्रंथालयाला काचेच्या कपाटात काय मांडायचं याचा विचार त्यामुळे करावा लागे. तुमच्यावर तसं बंधन नाही. तुम्ही काहीही छापू शकता, म्हणून तर निर्णय तुमच्या समजुतीवर येऊन पडला आहे.

रिसेप्शनिस्टबाईंची भावना मात्र उडवून लावू नका. आपल्या सणाचं नाव हळूहळू मागे पडतंय असं वाटणाऱ्याला खरंच दुखतं. पण त्यांना थोडा इतिहास सांगा, कारण ‘हॅपी हॉलिडेज’ म्हणजे ख्रिसमसला विरोध ही समजूत इतिहासात टिकत नाही. 1659 मध्ये मॅसेच्युसेट्समध्ये ख्रिसमस साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता, आणि तो बसवणारे प्युरिटन लोक अत्यंत कडवे ख्रिस्ती होते. तो कायदा 1681 मध्ये उठला. ख्रिसमसला केंद्र सरकारची सुट्टी मिळायला 1870 साल उजाडलं. आणि 1953 मध्ये आयझेनहॉवर यांच्या काळात व्हाइट हाउसचं पहिलं अधिकृत कार्ड निघालं, त्यावर राष्ट्राध्यक्षांची मुद्रा होती आणि शब्द होते ‘सीझन्स ग्रीटिंग्ज’. आयझेनहॉवर यांना कोणी धर्मविरोधी म्हणत नाही. देशभरच्या नाना तऱ्हेच्या लोकांना एकच कार्ड जाणार, मग सर्वांना चालेल ते लिहावं, हा साधा व्यवहार होता. हीच गोष्ट 2005 मध्ये जॉर्ज बुश यांच्या कार्डाने केली तेव्हा त्यांच्याच बाजूचे काही लोक रागावले. धोरण तेच होतं, मधल्या पन्नास वर्षांत असल्या शब्दांवरून राजकारण सुरू झालं होतं. ते तुमच्या क्लिनिकच्या दारातून आत येऊ देऊ नका.

आता तुमचे यजमान. त्यांना माझा एक प्रश्न विचारा. 2016 च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या टपाल खात्याने दिवाळीचं तिकीट काढलं. हानुकाचं तिकीट 1996 मध्ये आलं, क्वान्झा या आफ्रिकन-अमेरिकन लोकांच्या सणाचं 1997 मध्ये, ईदचं 2001 मध्ये. आपण मागे राहिलो होतो. त्या तिकिटासाठी आपल्या लोकांनी वर्षानुवर्षं सह्यांच्या मोहिमा चालवल्या, पत्रं लिहिली, न्यूयॉर्कच्या काँग्रेस सदस्य कॅरोलिन मलोनी यांनी वॉशिंग्टनमध्ये लावून धरलं. कोणी जर म्हटलं असतं की ‘शरद ऋतूच्या शुभेच्छा’ असं तिकीट काढतो, पणतीचं चित्र कशाला, तर आपल्याला पटलं असतं? आपल्याला दिवाळी हेच नाव हवं होतं. मग दुसऱ्याला त्याच्या सणाचं नाव घेऊन शुभेच्छा देण्यात आपलं काय जातं? ‘मेरी ख्रिसमस’ म्हटल्याने आपण कुठली श्रद्धा स्वीकारत नाही. ‘तुमचा सण आनंदात जावो’ एवढंच आपण त्यातून सांगतो.

आमच्या घरी पत्र टाकणारा पोस्टमन आयरिश वंशाचा होता. आश्विन संपला की तो फाटकाशी थांबून विचारायचा, “आज कोणता दिवस? पाडवा की भावाचा?” दिवाळीला पाच दिवस असतात आणि प्रत्येकाला वेगळं नाव असतं हे त्याने कधीतरी माझ्याकडून ऐकलं आणि ते टिपून ठेवलं. भाऊबिजेच्या दिवशी तो मला विचारायचा, भावाशी बोलणं झालं का? त्या माणसाला डिसेंबरात मी ‘हॅपी हॉलिडेज’ म्हटलं असतं तर त्याने माझ्यासाठी जे केलं त्याच्या निम्मंही परत झालं नसतं. त्याला मी भरल्या मनाने ‘मेरी ख्रिसमस’ म्हणत आले, आणि माझ्या देवघरातल्या गणपतीला त्यात काही कमी पडलं असं मला कधी वाटलं नाही. गणपतीचा विषय निघालाच आहे तर सांगते: डिसेंबरात मुलांना आपलंही काही हवं असतं म्हणून हवाईतल्या एका हिंदू मठाच्या गुरूंनी 1985 मध्ये ‘पंच गणपती’ नावाचा पाच दिवसांचा सण सुरू केला, 21 ते 25 डिसेंबर. यजमानांना घरात तो करावासा वाटला तर जरूर करा. फक्त दातांच्या पेशंटच्या कार्डाशी त्याची गाठ घालू नका.

मग छापील कार्डावर ‘मेरी ख्रिसमस’ का नको? कारण छापील कार्डाला माणूस दिसत नसतो. ते हजार घरी जाणार. त्यात तुमच्या हायजिनिस्टसारखी ज्यू घरं असतील, मुसलमान असतील, आपले लोक असतील, आणि जेहोवाज विटनेस पंथाचे असतील. ते स्वतः ख्रिस्ती, पण ख्रिसमस मुळीच पाळत नाहीत. काही घरात देवच मानत नसतील. ज्याला ओळखतो त्याला त्याच्या सणाचं नाव, ज्याला ओळखत नाही त्याला सगळ्यांना बसेल असा शब्द. माझी रीत हीच आहे आणि काउंटरवर ती मला कायम उपयोगी पडली.

‘ओळखतो’ म्हणजे खरंच ओळखतो. आडनावावरून ताडायच्या भानगडीत पडू नका, आपण मराठी माणसांनी तर मुळीच नाही. आपल्याच पेण-अलिबागकडचे बेने इस्राएल शेकडो वर्षं घरात मराठी बोलत आले, गावाच्या नावापुढे ‘कर’ लावून आडनावं घेत आले. ते ज्यू आहेत हे आडनावावरून कोण सांगेल? नगर जिल्ह्यात शिंदे-गायकवाड आडनावाची कितीतरी ख्रिस्ती कुटुंबं आहेत. ‘ही आपलीच’ असं समजून त्यांना डिसेंबरात कोणी काही बोलतच नाही आणि त्यांचा नाताळ सुना जातो. असे मराठी ख्रिस्ती पेशंट असतील तर कार्डावर देवनागरीत ‘नाताळच्या शुभेच्छा’ लिहा. परदेशात ते अक्षर पाहून काय वाटतं ते वाटणाऱ्यालाच कळतं.

ख्रिस्ती आहे म्हणजे 25 डिसेंबरच, असंही नाही. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारी सहकारी इजिप्तची कॉप्टिक ख्रिस्ती होती. त्यांचा ख्रिसमस 7 जानेवारीला, आणि त्याआधी 43 दिवसांचा उपास. मांस नाही, अंडं नाही, दूध-लोणी नाही. 25 डिसेंबरच्या आसपास सगळं ऑफिस केक-कुकीज घेऊन फिरायचं आणि ही बिचारी गोड हसून “नंतर घेईन” म्हणायची. तिला खरी शुभेच्छा द्यायची ती 7 जानेवारीला सकाळी. त्या दिवशी ऑफिसातली सजावट उतरलेली असायची, कोणाच्या ध्यानीमनी नसायचं. सर्बियन, रशियन, इथिओपियन पेशंट असतील तर त्यांचंही बहुधा असंच असतं. विचारून घ्या. “तुमच्याकडे ख्रिसमस कधी असतो?” हा प्रश्न कोणालाही बोचत नाही, उलट माणूस खुलतो.

आता तुमची हायजिनिस्ट, जी मला या सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते. पेशंट वर्षातून दोनदा येतो, ती रोज येते. तिला बाजूला घेऊन, घाईच्या वेळी नव्हे, सरळ विचारा: कार्डांवर सही करायला तुला अवघड जातं का? नको असेल तर नको. 15 किंवा जास्त नोकर असलेल्या मालकाला 1964 च्या नागरी हक्क कायद्याखाली नोकराच्या धर्माचा आदर राखून शक्य ती सोय करून द्यावी लागते. तुमचं क्लिनिक त्या आकड्यात बसत असो वा नसो, माणूस म्हणून तुम्ही हे करायलाच हवं. ‘सीझन्स ग्रीटिंग्ज’ छापल्यावर कदाचित ती आपणहून सही करेल.

आणि तिला हानुकाच्या शुभेच्छा देणार असाल तर तारीख पाहून द्या. ज्यू पंचांग चांद्रमासांवर चालतं आणि आपल्या अधिक मासासारखा त्यांच्यातही वाढीव महिना घालतात, म्हणून हानुका दिवाळीसारखाच पुढे-मागे सरकतो. 2024 मध्ये तो नेमका 25 डिसेंबरच्या संध्याकाळी सुरू झाला, 2025 मध्ये 14 डिसेंबरच्या, आणि 2026 मध्ये तर 4 डिसेंबरलाच. आठ दिवस असतात. संपून दोन आठवडे झाल्यावर ‘हॅपी हानुका’ म्हणणं म्हणजे तुळशीचं लग्न झाल्यावर लक्ष्मीपूजनाच्या शुभेच्छा! आणखी एक: हानुका त्यांच्यातला सर्वांत मोठा सण नाही. ख्रिसमसच्या शेजारी येतो म्हणून अमेरिकेत त्याचा गाजावाजा. त्यांचे मोठे दिवस रोश हशाना (नवं वर्ष) आणि योम किप्पुर (उपासाचा, प्रायश्चित्ताचा दिवस), साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात. रोश हशानाला नव्या वर्षाच्या शुभेच्छा द्या आणि योम किप्पुरला न मागता सुट्टी द्या. डिसेंबरच्या कार्डाने जे साधणार नाही ते त्याने साधेल. ग्रंथालयात नेमाने येणाऱ्या एका ज्यू आजोबांनी मला हे शिकवलं. ते म्हणायचे, “आठ दिवसांत हॅपी हानुका म्हण, एरवी गुड मॉर्निंग पुरे.”

कार्डावरचं चित्रही बोलतं हे विसरू नका. आत ‘हॅपी हॉलिडेज’ आणि बाहेर गोठ्यातला बाळ येशू, असं कार्ड ख्रिस्ती माणसालाही अर्धवट वाटतं आणि इतरांनाही. बर्फ, पक्षी, दिवे, नाहीतर क्लिनिकच्या सगळ्या स्टाफचा हसरा फोटो. दंतवैद्याकडे तो शोभूनही दिसतो.

फोनच्या रेकॉर्डिंगवर सुट्टीच्या तारखा, तातडीचा नंबर आणि शेवटी ‘हॅपी हॉलिडेज’. काउंटरवर पेशंटला आधी बोलू द्या. तो ‘मेरी ख्रिसमस’ म्हणाला तर तेवढ्याच मोकळेपणाने ‘मेरी ख्रिसमस’ म्हणा. तिथे मुद्दाम शब्द बदलून ‘हॅपी हॉलिडेज’ म्हटलं की ते दुरुस्ती केल्यासारखं लागतं. ‘हॅपी हानुका’ म्हणाला तर तेच. तुम्ही आधी बोललात आणि समोरचा म्हणाला, “आम्ही साजरा करत नाही,” तर “बरं, सुट्टी छान जावो” म्हणून पुढची अपॉइंटमेंट विचारा. लांबलचक माफी मागितली की त्याच्यावर तुमची समजूत काढायची वेळ येते.

प्रश्न : शिकागोहून लिहिते आहे. माझ्या शेजारणीचे यजमान ऑक्टोबरात गेले. दोघंही चर्चला नेमाने जाणारे. दर वर्षी मी त्यांना ‘मेरी ख्रिसमस’चं कार्ड आणि घरचा चिवडा देते. यंदा ‘मेरी’ लिहायला हात धजत नाही. कार्ड देऊच नये का? की या वर्षापुरतं ‘हॅपी हॉलिडेज’चं द्यावं?

उत्तर : द्या, नक्की द्या. पण ‘हॅपी’ही नको. दुकानातलं कुठलंच छापील वाक्य यंदा त्यांच्या कामाचं नाही. कोरं कार्ड घ्या आणि चार ओळी हाताने लिहा. त्यात त्यांच्या यजमानांचं नाव येऊ द्या. नाव घेतलं तर त्यांना रडू येईल म्हणून लोक ते टाळतात, आणि त्या बाईला वाटतं की सगळे तिच्या यजमानांना विसरले. बर्फ काढताना ते तुमच्याही दारापुढचा काढत असतील, तुमच्या मुलाला सायकल शिकवली असेल, असं जे खरं घडलं ते एक लिहा. त्या श्रद्धावान आहेत, म्हणून ‘ख्रिसमस’ हा शब्द गाळायची गरज नाही. ‘या ख्रिसमसला तुमची फार आठवण काढते आहे’ असं लिहिता येतं. आनंदाचा शब्द तेवढा गाळा, सणाचं नाव राहू द्या. दुःखात त्यांना आधार मिळेल तो त्या नावातूनच.

बऱ्याच चर्चमध्ये 21 डिसेंबरच्या सुमारास, वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्री, शोकात असलेल्यांसाठी वेगळी प्रार्थना असते. ‘ब्लू ख्रिसमस’ म्हणतात तिला. त्यांच्या चर्चमध्ये आहे का विचारा आणि म्हणा, मी गाडी काढते, बरोबर येते. एकटीने जाणं नको वाटतं म्हणून पुष्कळ बायका घरीच बसतात. चिवडा द्यायचा तो द्याच.

प्रश्न : मी पुण्याचा, सॉफ्टवेअरमध्ये आहे. टीममधले निम्मे लोक अमेरिकेत, दोघं लंडनला. डिसेंबरातल्या ईमेलच्या शेवटी काय लिहू?

उत्तर : सगळ्यांना जाणाऱ्या मेलला ‘हॅपी हॉलिडेज’. अमेरिकेत हा मोसम नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगला सुरू होतो. पण डिसेंबरचा पहिला पंधरवडा उलटला की लिहायला लागलात तर ते नैसर्गिक वाटेल. लंडनच्या दोघांना वेगळं लिहीत असाल तर ‘हॅपी ख्रिसमस’ लिहायला संकोच नको, तिकडे या शब्दावरून इतकी ओढाताण नसते. मात्र त्यांना 26 डिसेंबरलाही बॉक्सिंग डेची सुट्टी असते, त्या दिवशी रिलीज ठेवू नका. अमेरिकेतल्या ज्याच्याशी रोजचं बोलणं आहे त्याला एकदा विचारून ठेवा, आणि त्यालाही सांगा की तुमची दिवाळी कधी असते. 26 तारखेनंतर सगळ्यांनाच ‘हॅपी न्यू इयर’. जानेवारीचा पहिला आठवडा गेला की सरळ कामाचं लिहा.